रक्तवाढीच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही: कोणती तपासणी आधी, कोणती नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहीण 31 वर्षांची आहे. शिबिरात बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिलं तेव्हा 8.8 निघालं. तीन महिने रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या आणि आता लॅबमध्ये सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली तर 9.4. सोबत सीरम आयर्न (रक्तातलं लोह) केलं ते 141, म्हणजे नॉर्मल. बी बारा 242. मग लोह कमी नाही तर रक्त का वाढत नाही, आणि लॅबवाला म्हणतोय तसं पंधरा तपासण्यांचं 'ॲनिमिया पॅकेज' एकदाच करून टाकावं का? यंदा लग्न आहे, म्हणून घाईही आहे.

पॅकेज आज तरी करू नका. त्यातल्या तपासण्या वाईट आहेत असं नाही. पण रक्त कमी असण्याच्या तपासण्या जिन्यासारख्या असतात, एका पायरीचं उत्तर पुढची पायरी कुठली ते ठरवतं. पंधरा आकडे एकदम हातात आले की त्यातले दोन-तीन हमखास रेंजच्या जरा आतबाहेर असतात आणि उपचार त्यांच्याच मागे धावतो. शिवाय तुम्ही लिहिलेल्या आकड्यांतला एक, तो 141, चुकीच्या वेळी घेतलेल्या रक्ताचा असण्याची दाट शक्यता आहे. त्यावरून काढलेला 'लोह कमी नाही' हा निष्कर्ष तूर्त बाजूला ठेवा.

आधीच सांगतो, तिला तपासलेलं नाही, समोर फक्त तुम्ही लिहिलेले आकडे आहेत. वय, पाळी, मूळ गाव, घरात कुणाला असा त्रास, चालू औषधं यांवर पुढचं बरंच बदलतं. हेच आकडे साठीच्या पुरुषाचे असते तर उत्तर वेगळं लिहिलं असतं. बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं असेल किंवा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही कमी दाखवत असतील, तर हे वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता आकड्यांकडे. 8.8 चं 9.4 झालं म्हणजे 0.6 वाढलं, असं तुम्ही धरलंय. तेवढं सुद्धा धरू नका. बोटातून रक्त नीट येत नसलं की टोचणारा बोट पिळतो. पिळलं की रक्तासोबत पेशींच्या भोवतालचं पाणी थेंबात उतरतं आणि आकडा खाली येतो. दुसरा आकडा शिरेतल्या रक्ताचा, दुसऱ्या मशीनवरचा. दोन पद्धतींत अर्ध्या ते एक ग्रॅमचा फरक सहज पडतो. म्हणजे तीन महिन्यांत खरी वाढ शून्यही असू शकते. लोहाची कमतरता आहे, गोळी पोटात जातेय आणि अंगी लागतेय, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅम, बहुतेकदा दीड-दोन ग्रॅम चढायला हवं. तसं झालेलं नाही हे नक्की. इथून पुढे मात्र तपासणी एकाच लॅबमध्ये, शिरेतल्या रक्तावरच करा.

रक्त कसं काढलं यावरही बरंच अवलंबून असतं. सीबीसीची ट्यूब जांभळ्या झाकणाची असते, आत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. रक्त रेघेपर्यंत भरलं पाहिजे. अर्धी ट्यूब भरली तर ईडीटीए जास्त पडून पेशी आकसतात. भरल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, झटकायची नाही. आत बारीक गुठळी झाली तर मशीन प्लेटलेट्स कमी मोजतं, कधी बाकीचे आकडेही घसरतात. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढलं की सगळंच पातळ. आणि कलेक्शन सेंटरवर शनिवारी संध्याकाळी दिलेलं रक्त सोमवारी मशीनवर चढलं तर तोवर पेशी पाणी ओढून फुगलेल्या असतात, एमसीव्ही, म्हणजे पेशींचा सरासरी आकार, वाढलेला दिसतो. लहान पेशींचा रोगी मग होता त्याहून बरा दिसू लागतो. सकाळी, जिथे मशीन आहे तिथेच जाऊन रक्त द्या.

आता तुम्ही पाठवलेली सीबीसी: हिमोग्लोबिन 9.4, लाल पेशी 4.8 मिलियन, एमसीव्ही 64, एमसीएच (एका लाल पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) 19.6, आरडीडब्ल्यू 21, पांढऱ्या पेशी 7,200, प्लेटलेट्स 4 लाख 70 हजार. बहुतेक घरी यातला पहिला आकडा वाचून कागद घडी करून ठेवतात. खरी माहिती त्याच्या खालच्या ओळींत असते, आणि ती सीबीसीच्याच पैशांत मिळालेली असते.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. 80 ते 100 हा नेहमीचा पट्टा. 80 च्या खाली लहान पेशी, आणि आपल्याकडे त्याची मुख्य कारणं दोन: लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन बनवण्यातल्या आनुवंशिक दोषाचं फक्त वाहक असणं. दीर्घकाळची सूज किंवा आजार हे तिसरं, पण त्यात एमसीव्ही सहसा इतका खाली जात नाही. 100 च्या वर मोठ्या पेशी, तिथे बी बारा, फोलेट, दारू, यकृत, थायरॉइड, काही औषधं आणि म्हातारपणी मज्जेचे, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी बनतात त्या जागेचे, आजार. मधल्या पट्ट्यात मूत्रपिंड, जुना आजार, नुकताच झालेला रक्तस्राव, किंवा लोह आणि बी बारा दोन्ही कमी असल्यामुळे एकमेकांना झाकणारी सरासरी. या शेवटच्या प्रकारात एमसीव्ही साळसूदपणे 86 दाखवतो, आरडीडब्ल्यू मात्र फुगलेला असतो, कारण आरडीडब्ल्यू पेशींच्या आकारातली विषमता मोजतो. तो साधारण 14.5 पर्यंत ठीक.

तुमच्या बहिणीचा एमसीव्ही 64. म्हणजे प्रश्न लोह की थॅलेसेमिया मायनर, इथवर उतरला. यासाठी एक जुना, फुकटचा हिशेब आहे, मेंट्झर इंडेक्स. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागायचं. 13 पेक्षा कमी आलं तर मायनरकडे कल, जास्त आलं तर लोहाकडे. मागचा तर्क सोपा आहे. लोह नसलं की मज्जा पेशीही कमी काढते आणि लहानही काढते. मायनरमध्ये पेशी लहान असतात, पण मज्जा संख्येने भरपाई करते, लाल पेशी बऱ्याचदा 5 मिलियनच्या वर असतात. बहिणीचं गणित 64 भागिले 4.8, म्हणजे 13.3. बरोबर कुंपणावर. नुसत्या मायनरला आरडीडब्ल्यू इतका वाढत नाही आणि हिमोग्लोबिनही सहसा 10 च्या खाली जात नाही. नुसती लोहाची कमतरता धरली तर 9.4 हिमोग्लोबिनला 4.8 मिलियन पेशी जरा जास्तच वाटतात. माझा अंदाज, दोन्ही असू शकतं. पण अर्धवट उपचार झालेलं लोहही असंच दिसतं. गोळ्यांनी काही नव्या, धडधाकट पेशी आल्या, जुन्या बारक्या अजून फिरताहेत, म्हणून आरडीडब्ल्यू 21. त्यामुळे या इंडेक्सवर शिक्का मारू नका, तो फक्त पुढची पायरी दाखवतो. प्लेटलेट्स 4 लाख 70 हजार हा लहानसा इशारा आहे. लोह कमी असताना किंवा रक्त झिरपत असताना त्या अशा थोड्या वाढतात.

पुढच्या दोन तपासण्या त्याच जांभळ्या ट्यूबमधून होतात, वेगळं रक्त लागत नाही, आणि याच दोन सर्वांत जास्त वगळल्या जातात: स्लाइड आणि रेटिक.

स्लाइड म्हणजे पेरिफेरल स्मिअर. मागताना 'पॅथॉलॉजिस्टने पाहिलेला स्मिअर हवा' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. बऱ्याच रिपोर्टांवर 'मायक्रोसायटिक, हायपोक्रोमिक' एवढंच छापून येतं. हे तर एमसीव्ही आणि एमसीएचच्या आकड्यांवरून कुणीही सांगेल. स्लाइड कुणी खरोखर पाहिली असेल तर त्यात आकड्यांत नसलेलं काहीतरी लिहिलेलं असतं. मधे पांढरट, कडेला बारीक कड उरलेल्या पेशी आणि लांबट, पेन्सिलसारख्या पेशी दिसल्या की लोहाकडे बोट. मधोमध ठिपका असलेल्या, नेमबाजीच्या पाटीसारख्या टार्गेट पेशी आणि पेशीत पसरलेले निळे बारीक ठिपके दिसले की मायनरकडे, आणि ठिपके खूपच असतील तर शिशाच्या विषबाधेचाही विचार. पाच-सहा पाकळ्यांच्या न्यूट्रोफिल पांढऱ्या पेशी दिसल्या तर एमसीव्ही लहान असूनही बी बारा किंवा फोलेट कमी आहे, लोहाच्या कमतरतेने ते झाकलंय. कोयत्यासारख्या वाकड्या पेशी, गोळीसारख्या गच्च गोल पेशी, तुटक्या पेशींचे तुकडे, मलेरियाचे परजीवी, आणि कधीतरी नको असलेली अपक्व पेशी, या सगळ्यांना मशीन फार तर झेंडा दाखवतं, ओळखतो तो डोळा. स्लाइड रक्त काढल्यापासून दोन-तीन तासांत ओढलेली हवी. शिळ्या रक्तात पेशींच्या कडा करवतीसारख्या होतात आणि वाचन फसतं.

रेटिक म्हणजे रेटिक्युलोसाइट, मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी. हा आकडा सांगतो की कारखाना बंद आहे की माल बाहेर पडतोय पण वाटेत गळतोय किंवा फुटतोय. 0.5 ते 2.5 टक्के ही साधारण रेंज, पण रक्त कमी असलेल्या माणसात नुसती टक्केवारी फसवते. एकूण पेशीच कमी असतात, म्हणून टक्का उगाच मोठा दिसतो. दुरुस्ती अशी: रेटिक गुणिले हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा टक्का) भागिले 45. बहिणीचा हिमॅटोक्रिट 30.7 आहे. समजा रेटिक 2.8 टक्के आला, रिपोर्टवर ठळक अक्षरात 'जास्त' म्हणून. दुरुस्तीनंतर तो 1.9 होतो. इतकं रक्त कमी असताना पेशी मज्जेतून लवकर बाहेर पडतात आणि रक्तात जास्त दिवस कोवळ्या राहतात, म्हणून आणखी दीडने भागायचं. उरले 1.3 च्या आसपास. 2 च्या खाली म्हणजे मज्जेचं उत्पादन गरजेच्या मानाने अपुरं, 3 च्या वर म्हणजे मज्जा जोरात आहे आणि रक्त कुठेतरी जातंय किंवा फुटतंय. ज्याला 'जास्त' म्हटलं होतं ते खरं तर कमीच निघालं.

आता तो 141. लोहाची गोळी घेतल्यावर पुढचे काही तास रक्तातलं लोह चढतं. सकाळी नाश्त्यानंतर गोळी आणि अकरा वाजता लॅब, असं झालं असेल तर तुम्ही गोळी मोजलीत, बहीण नाही. त्याशिवाय हा आकडा दिवसभरात आपोआपही वरखाली होतो. त्यामुळे एकटं सीरम आयर्न मी कधीच मागत नाही. मागायचंच तर टीआयबीसीसोबत (रक्त एकूण किती लोह वाहू शकतं तो आकडा), म्हणजे भागाकार करून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, त्या क्षमतेचा किती टक्के भाग भरलाय ते, काढता येतं. ते 16 टक्क्यांच्या खाली असेल तर मज्जेला लोह पुरत नाही. रक्त सकाळी उपाशीपोटी, आणि त्याआधी निदान 24 तास, जमलं तर दोन दिवस, लोहाची गोळी बंद. गोळ्यांसोबत ज्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आहे तेही बंद, हे सांगायला बहुतेक विसरतात.

फेरिटिन मात्र साठा दाखवतं आणि एका दिवसाच्या गोळीने हलत नाही. लोह कमी होताना आधी हा साठा रिकामा होतो, मग सॅच्युरेशन पडतं, मग आरडीडब्ल्यू आणि एमसीव्ही बिघडतात आणि हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी. 15 च्या खाली फेरिटिन म्हणजे लोह संपलंय, त्यात वाद नाही. 30 च्या खाली असेल तरी व्यवहारात मी तसंच धरतो. अडचण अशी की अंगात सूज, ताप, संसर्ग, यकृताचा त्रास असला की फेरिटिन उगाच वाढतं. म्हणून सोबत अंगातली सूज दाखवणारी सीआरपी करा. सीआरपी वाढलेला असेल तर 70 च्या खालचं फेरिटिन सुद्धा संशयास्पद, आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर 100 च्या खालचं. नुकताच डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेला असेल तर तीन-चार आठवडे थांबा. शिरेतून लोह दिलं असेल तर महिना-दोन महिने फेरिटिन पाहू नका, ते फुगलेलंच येतं.

बहिणीच्या बाबतीत फेरिटिनचं वाचन असं करीन. तीन महिने गोळ्या घेऊनही ते 9-10 आलं, तर लोह आत जात नाही किंवा तितक्याच वेगाने बाहेर जातंय. 80 आलं, सीआरपी नॉर्मल आहे आणि एमसीव्ही तरीही 64, तर लहान पेशींचं कारण लोह नाही, थेट एचपीएलसीकडे (ती काय ते पुढे सांगतो) वळा. 35-40 अशा मधल्या जागी आलं तर सॅच्युरेशनची मदत घ्यावी लागेल.

मधेच एक, कारण मुली हे औषध म्हणून सांगतच नाहीत. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? 5 किंवा 10 मिलिग्रॅमच्या असतात. काही मशीनच्या रसायनांत बायोटिन वापरलेलं असतं, तिथे रक्तातलं बायोटिन गडबड करतं. फेरिटिन खोटं कमी येऊ शकतं आणि बी बारा खोटं जास्त. रक्त देण्याआधी निदान तीन दिवस ती गोळी बंद करायला सांगा. रक्त कमी असलं की केस गळतात, केस गळतात म्हणून बायोटिन, आणि बायोटिनमुळे रक्ताची तपासणी चुकते, असा हा गोल फेरा आहे.

एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. तिच्यात पाहायचा आकडा एचबीए2. तो साडेतीन टक्क्यांच्या वर, आणि स्पष्टपणे 4 च्या वर असेल, तर बीटा थॅलेसेमिया मायनर. इथे वेळेचा खोडा आहे. लोह खूप कमी असलं की एचबीए2 थोडा दबतो. म्हणजे मायनर असूनही 3.3 येऊ शकतो आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलं जातं. म्हणून 3.2 ते 3.6 मधला आकडा, तोही लोह कमी असताना, नॉर्मल समजू नका. लोह भरून तीन-चार महिन्यांनी पुन्हा करा. 4.8 आला तर मात्र लोह कमी असो वा नसो, निदान झालं. उलट बी बारा कमी असताना तो जरासा वाढलेलाही दिसतो. अल्फा थॅलेसेमियात एचबीए2 नॉर्मलच असतो, लहान पेशींचं इतर काहीच कारण सापडलं नाही तर जनुकीय तपासणीचा विचार. ज्याला रक्त चढवलंय त्याची एचपीएलसी तीन महिने करू नका, नाहीतर दात्याचं हिमोग्लोबिन मोजलं जाईल.

मूळ गाव आणि समाज विचारतात त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते याचसाठी असतं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी कुटुंबांत बीटा मायनर जास्त आढळतो, मराठी घरांतही सापडतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या भागांत आणि विदर्भातल्या काही समाजांत सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक दोष. शाळेत किंवा शिबिरात करतात ती सिकलसेलची सॉल्युबिलिटी टेस्ट फक्त 'आहे' एवढंच सांगते. वाहक की रुग्ण हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस सांगतं. हिमोग्लोबिन फारच कमी असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ही टेस्ट खोटी निगेटिव्हही येते. एक गोष्ट इथे वारंवार चुकते. नुसता सिकलसेल वाहक असण्याने रक्त कमी होत नाही. वाहकाचं हिमोग्लोबिन 8 असेल तर दुसरं कारण शोधायलाच हवं, 'सिकल आहे ना, म्हणून' असं म्हणून सोडायचं नाही.

बी बारा 242. साधारण 200 च्या खाली कमी, 300 च्या वर ठीक, मधला भाग धूसर. बहीण शाकाहारी असेल, मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, हातापायांना मुंग्या येत असतील, तर 242 ला कमीच धरून उपचार करण्यात नुकसान नाही. आधी स्लाइडवर त्या जास्त पाकळ्यांच्या पेशी आहेत का ते पाहा. होमोसिस्टीन (बी बारा कमी असलं की वाढणारा घटक) करायचं ठरलंच तर रक्त काढल्याबरोबर ट्यूब बर्फात आणि तासाभरात प्लाझ्मा वेगळा झाला पाहिजे, नाहीतर ट्यूबमध्येच पेशींतून होमोसिस्टीन झिरपून आकडा वाढतो. लांबच्या कलेक्शन सेंटरवर ही तपासणी देऊ नका. आणि मध्यंतरी बी-कॉम्प्लेक्सचं एखादं इंजेक्शन झालं असेल तर बी बाराचा आकडा कित्येक आठवडे निरर्थक. बी बारा कमी असण्याचा संशय असताना नुसतं फोलिक ॲसिड देऊ नये. हिमोग्लोबिन चढतं आणि नसांची हानी आत चालूच राहते. बहिणीच्या लहान पेशींचं कारण मात्र बी बारा नाही, ते फार तर जोडीला आहे.

रेटिक खरोखरच वाढलेला निघाला आणि कुठे रक्तस्राव नाही, तर पेशी फुटताहेत. मग पेशी फुटल्याचा पुरावा देणाऱ्या एलडीएच, इनडायरेक्ट बिलिरुबिन, हॅप्टोग्लोबिन आणि शरीरच पेशींवर हल्ला करतंय का ते सांगणारी कूम्ब्स टेस्ट. यात दोन फसव्या जागा. बी बाराच्या मोठ्या कमतरतेतही एलडीएच आणि बिलिरुबिन वाढतात, पण तिथे रेटिक कमी असतो. आणि जी6पीडी (लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची तपासणी) पेशी फुटण्याच्या झटक्याच्या दिवसांत केली तर खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण कमकुवत पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. बहिणीचं चित्र या बाजूचं दिसत नाही.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) एकदा करून घ्या, दोन्ही स्वस्त आहेत. पन्नाशीपुढच्या माणसात कंबरदुखी, वाढलेला ईएसआर आणि स्लाइडवर नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटलेल्या पेशी असतील तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, मज्जेच्या एका कर्करोगाच्या शोधासाठी. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी असतील किंवा स्लाइडवर अपक्व पेशी असतील तरच मज्जेची तपासणी, लहान पेशींच्या साध्या रुग्णाला ती लागत नाही. घरात कुणाला मधुमेह असेल तर हेही लक्षात ठेवा: लोह कमी असताना एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) खोटं जास्त दिसतं आणि पेशी फुटत असतील तर खोटं कमी.

लोहाची कमतरता सिद्ध झाली की निम्मंच काम झालं. लोह गेलं कुठे? इथे रक्तापेक्षा प्रश्न जास्त कामाचे. पाळीत दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, गाठी पडतात का, सात दिवसांच्या पुढे जातं का? मूळव्याध? पेनकिलर? शेतात अनवाणी काम, म्हणजे हुकवर्म, आतड्यात रक्त पिणारा जंत? माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची ओढ? ही ओढ लोह कमी असल्याची खूण आहे, आणि मोठ्या बायका ती लाजून सांगत नाहीत, स्वतःहून विचारावं लागतं. गोळी कशी घेते तेही विचारा. चहासोबत, दुधासोबत, किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत एकाच घोटात? ॲसिडिटीची गोळी रोज चालू आहे का? आणि पोटात जळजळ म्हणून आठवड्यातून तीनच दिवस घेते का? न चढणाऱ्या हिमोग्लोबिनची ही सगळ्यात नेहमीची कारणं, आणि कुठल्याही पॅकेजमध्ये ती सापडत नाहीत. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, म्हणून रंगावरून काही ठरवू नका, शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त (ऑकल्ट ब्लड) तपासा. गोळ्या नीट घेऊन, पाळी साधी असून फेरिटिन वर येत नसेल तर सीलिॲकसाठी (गव्हामुळे आतडं बिघडतं तो आजार) टीटीजी आयजीए, सोबत टोटल आयजीए. ही गहू खाण्यात असतानाच करायची, गहू बंद केल्यावर खोटी नॉर्मल येते. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या बायकांत मात्र लोह कमी सापडलं की वरून-खालून दुर्बिणीची तपासणी टाळू नये, तिथे आतड्यातला कर्करोग दडलेला असू शकतो.

तर बहिणीसाठी क्रम असा. लोहाची आणि मल्टिव्हिटॅमिनची गोळी दोन दिवस, बायोटिन तीन दिवस बंद. सकाळी उपाशीपोटी एकाच वेळी एक जांभळी आणि एक पिवळी ट्यूब. जांभळीतून सीबीसी, स्लाइड, रेटिक. पिवळीतून फेरिटिन, आयर्न-टीआयबीसी, सीआरपी, क्रिएटिनिन, टीएसएच. एरवी एचपीएलसी मी फेरिटिन पाहूनच मागितली असती. पण लग्न यंदा आहे, त्यामुळे ती याच जांभळ्या ट्यूबमधून करून घ्या आणि आकडा सीमेवर आला तर पुन्हा करायची तयारी ठेवा. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह नीट सुरू करून आठ-दहा दिवसांनी फक्त रेटिक. तो वाढला तर मज्जेने लोह घेतलं, चार आठवडे वाट पाहण्याआधीच कळतं. महिन्याने त्याच लॅबमध्ये सीबीसी. हिमोग्लोबिन 12 च्या वर जाऊन थांबलं आणि एमसीव्ही तरीही सत्तरीच्या आतबाहेर अडकला, तर पहिली एचपीएलसी नॉर्मल असली तरी दुसरी कराच. नॉर्मल झाल्यावर गोळ्या लगेच थांबवायच्या नाहीत, साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

मध्येच कुणी 'दोन बाटल्या रक्त चढवू, लग्नाआधी तरतरीत होईल' असं सुचवलं तर 9.4 ला त्याची गरज नसते. कधी खरोखर वेळ आलीच तर रक्त चढवण्याआधी या दोन ट्यूब काढून घ्यायला सांगा. नंतर तीन महिने कारण नीट शोधता येत नाही.

आणि होणाऱ्या जावयांचीही एक साधी सीबीसी करून घ्या. त्यांचा एमसीव्ही 80 च्या किंवा एमसीएच 27 च्या खाली असेल तर एचपीएलसी. राहतात सिकलसेलच्या पट्ट्यात तर एचपीएलसी थेटच, कारण सिकलसेल वाहकाची सीबीसी अगदी नॉर्मल असू शकते. दोघेही वाहक निघाले तर लग्न मोडायचं कारण नाही. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी बाळाची असते, आणि ती पहिल्या तीन महिन्यांत तपासता येते. फक्त ते दिवस जाण्याआधी माहीत असावं लागतं.